सांगलीहून सॅन फ्रान्सिस्कोला किती तास लागतात, हे स्वतः कसे काढावे

मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी निघायचे आहे, अशी जोडपी सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेत आता प्रत्येक गल्लीत सापडतात. मी निवृत्तीपर्यंत शाळेत भूगोल शिकवत होतो, म्हणून असेल कदाचित, पण तिकीट हाती पडले की त्यांतले बरेच जण माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, विमानाला किती तास लागतात हो?" या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न दडलेले असतात. दोन शहरांमधले हवाई अंतर किती, विमान ते किती वेळात कापते, आणि सांगलीतल्या दाराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या दारात चपला काढेपर्यंत किती तास जातात. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि तिन्ही कागद-पेन्सिल घेऊन घरीच काढता येतात. पुढे मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को हे उदाहरण घेतले आहे. शहर दुसरे असेल तर आकडे बदलावेत, रीत तीच राहते.

अंतरापासून सुरुवात करू. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजण्याचा मोह आधी आवरला पाहिजे. आपल्याला सवयीचे झालेले अनेक नकाशे मर्केटरने १५६९ मध्ये आखलेल्या पद्धतीवर बेतलेले आहेत. ती पद्धत जहाजाची दिशा धरून ठेवण्यासाठी होती, आणि तिच्यात ध्रुवांकडचा प्रदेश अवाढव्य ताणला जातो. अशा नकाशावर मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी रेघ पॅसिफिक किंवा अटलांटिक महासागरावरून ओढावीशी वाटते. गोलावरची सर्वांत जवळची वाट मात्र मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेकडे निघते, मध्य आशिया आणि सायबेरियावरून आर्क्टिकमध्ये सुमारे ७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते आणि मग अलास्का-कॅनडाच्या बाजूने खाली उतरते. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. विमानाच्या पडद्यावर आपले विमान बर्फाळ प्रदेशाकडे का चालले आहे, अशी शंका अनेकांना येते, तिचे उत्तर या बृहद्वृत्तात आहे.

ही वाट मोजण्याची सोपी रीत दोऱ्याची. घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घेऊन तो आधी विषुववृत्तावरून पूर्ण फिरवावा आणि त्याची लांबी पट्टीने मोजावी. समजा ती ९६ सेंटीमीटर भरली. विषुववृत्ताचा खरा घेर सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर जवळपास ४१७ किलोमीटरचा झाला. आता दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरावे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर न्यावे आणि दोरा ताणून गोलावर आपोआप जिथे बसेल तिथे बसू द्यावा, कारण ताणलेला दोरा आखूडच वाट शोधतो. तो साधारण साडेबत्तीस सेंटीमीटर भरेल आणि गुणाकार साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास येईल. वर्गात हा प्रयोग करताना मुले पॅसिफिकवरूनच दोरा न्यायचा हट्ट धरीत, आणि मग तो प्रत्येक वेळी उत्तरेकडे घसरे. तेव्हा मला बोलायची फारशी गरज उरत नसे.

ज्यांना नेमका आकडा हवा त्यांनी अक्षांश-रेखांश घ्यावेत. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व, तर सॅन फ्रान्सिस्को विमानतळ ३७.६२ उत्तर आणि १२२.३८ पश्चिम येथे आहे. पश्चिम रेखांश उणे धरायचा असतो, त्यामुळे दोन रेखांशांतले अंतर १९५.२५ अंश येते. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, तो ०.३२७० × ०.६१०४ म्हणजे ०.१९९६ होतो. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणावे, ०.९४५० × ०.७९२१ × (−०.९६४८) हे उत्तर −०.७२२२ येते. दोन्हींची बेरीज −०.५२२६. ज्या कोनाचा कोसाइन एवढा आहे तो कोन १२१.५ अंशांचा. पृथ्वीच्या पृष्ठभागावर बृहद्वृत्ताचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो, म्हणून अंतर १३,५०० किलोमीटरांहून किंचित अधिक. गणकयंत्र अंशांवर लावलेले आहे की रेडियनवर, हे आधी पाहून घ्यावे. बहुतेकांचे उत्तर इथेच फसते. ऋण कोसाइन पाहूनही घाबरू नये. त्याचा अर्थ एवढाच, की दोन शहरे पृथ्वीच्या पाव घेरापेक्षा जास्त लांब आहेत.

कोनाला १११.२ ऐवजी ६० ने गुणले तर अंतर सागरी मैलांत मिळते, कारण सागरी मैल म्हणजे मुळात अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. आपला कोन ७,२९० सागरी मैल देतो. विमान कंपन्यांच्या पत्रकांत आणि काही संकेतस्थळांवर नुसते 'मैल' असे लिहिलेले असते आणि ते सागरी की साधे, हे कळत नाही. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, तेव्हा आपल्या आकड्याशी ताडून पाहिले की उलगडा होतो.

याच रीतीने काढलेली आणखी काही अंतरे: मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, न्यूयॉर्क १२,५००, मेलबर्न ९,८००, दुबई १,९३०. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,४०० च्या आत बसते.

विमान या रेषेवरूनच उडेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. हवाई मार्ग, वारे आणि बंद केलेले आकाश या तिन्हींमुळे प्रत्यक्ष वाट लांबते. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या उड्डाणांना वळसा पडला. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांसाठी बंद आहे. त्यामुळे एकाच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांची वाट, आणि म्हणून वेळही, वेगळी असू शकते.

वाऱ्यांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण जाताना आणि येताना वेळ सारखा का नसतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात; त्यांना जेट प्रवाह म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतात. मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो तो यामुळेच. याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑक्टोबर २०१६ मधले आहे. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाली, तरीही पाठीवर वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा दोनेक तास लवकर पोहोचले. लांबची वाट लवकर संपते, हे वाक्य मी वर्गात उच्चारले असते तर मुलांनी वेड्यात काढले असते. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू हे विमान उत्तर ध्रुवावरून आणले. त्या दोन शहरांतले सरळ अंतर चौदा हजारांच्या जवळ आहे.

आता उड्डाणाचा वेळ. मोठे जेट विमान उंचीवर ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, पण अंतराला नऊशेने भागले तर उत्तर कमी येते. तिकिटावर छापलेली वेळ विमान फाटकापासून मागे सरकल्यापासून दुसऱ्या फाटकाला लागेपर्यंतची असते, आणि धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, वर चढणे, उतरण्याआधी घिरट्या घालणे हे सगळे तिच्यात येते. म्हणून अंतराला ८५० ने भागावे आणि अर्धा तास मिळवावा. समजा, वाटेत दुबईला विमान बदलायचे आहे. दुबई–सॅन फ्रान्सिस्को अंतर सुमारे १३,००० किलोमीटर, भागाकार १५.३ तास, अधिक अर्धा, म्हणजे पावणेसोळा तासांच्या आसपास. मुंबई–दुबईसाठी ही रीत पावणेतीन तास देते, तिकिटावर तीन किंवा थोडे जास्त असतात. पश्चिमेकडे लांब जायचे असेल तर अर्धा-एक तास आणखी धरावा. या रीतीने आलेले उत्तर आणि तिकिटावरचा आकडा यांत दोन तासांहून अधिक तफावत दिसली, तर बहुधा आपण घड्याळे मिसळली आहेत.

घड्याळे मिसळणे हाच या सगळ्या हिशेबातला सर्वांत मोठा खड्डा आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते, त्यामुळे पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ सरळ वजा केली की विमानाने जग नऊ तासांत पार केल्याचा भास होतो. उपाय एकच. सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत उतरवून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली असून ती जागतिक प्रमाण वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि हा अर्धा तास लोक हमखास विसरतात. दुबई आपल्या दीड तास मागे, बारा महिने. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेबारा, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पूर्ववत करतात. ब्रिटनमध्ये हे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. म्हणजे वर्षातले काही आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरकसुद्धा नेहमीचा नसतो. तोंडी हिशेबासाठी उन्हाळ्यात आपल्या वेळेतून अर्धा तास काढावा आणि सकाळची संध्याकाळ, संध्याकाळची सकाळ करावी. सांगलीत रात्रीचे आठ, तर तिकडे त्याच दिवशी सकाळचे साडेसात. हिवाळ्यात अर्ध्याऐवजी दीड तास काढावा.

एक नमुना सोडवून पाहू. यातल्या वेळा हिशेबापुरत्या घेतल्या आहेत, त्या कोणत्याही कंपनीचे वेळापत्रक नव्हेत. जून महिना आहे. मुंबईहून पहाटे ४.०० वाजता विमान सुटते आणि दुबईला तिथल्या ५.३० वाजता पोहोचते. दुबईहून तिथल्या ८.३० ला दुसरे विमान आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या दुपारी १.१५ ला आगमन. सगळे भारतीय वेळेत लिहू: निघणे ४.००, दुबईत आगमन ७.००, तिथून प्रयाण १०.००, आणि दुपारचा सव्वा म्हणजे साडेबारा तास मिळवून रात्रीचे १.४५, दुसरी तारीख. पहिले उड्डाण तीन तासांचे, थांबा तीन तासांचा, दुसरे उड्डाण पावणेसोळा तासांचे, एकूण पावणेबावीस. बेरीज जुळली की हिशेब बरोबर. दुबईमार्गे वाट किती वाकडी पडली, हेही पाहावे. १,९३० अधिक १३,००० म्हणजे सुमारे १४,९३०, सरळ अंतराच्या जेमतेम दहा-अकरा टक्के जास्त. दुबई–सॅन फ्रान्सिस्कोची जवळची वाट जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जाते, म्हणून वळसा इतका थोडा. सिंगापूरमार्गे हाच प्रवास साडेसतरा हजारांपर्यंत जातो. तिकीट स्वस्त दिसले, तर फरक कशातून वसूल होतो ते असे मोजून ठरवावे.

तिसरा प्रश्न सांगली-साताऱ्याच्या माणसाचा खास आहे, कारण मुंबई किंवा दिल्लीतल्या प्रवाशाला तो जवळपास पडतच नाही. विट्याकडचे गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचे, व्यावसायिक पूर्वी परमुलखातल्या गावाचे अंतर सांगताना "दोन रात्रींचा प्रवास" असे म्हणत, किलोमीटरच्या भानगडीत पडत नसत. मला ती मोजणी अधिक प्रामाणिक वाटते. सांगली ते मुंबई विमानतळ रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आगेमागे आहे. पेठ नाक्यावर महामार्गाला लागायचे, मग कराड, सातारा, खंबाटकी, पुण्याची कोंडी, द्रुतगती मार्ग आणि शेवटी मुंबईतली गर्दी. मोकळा रस्ता मिळाला तर सात तास, एरवी आठ, आणि पुण्याच्या नवले पुलाजवळ किंवा घाटात अडकलो तर त्याला हिशेब नाही. म्हणून आठ तास प्रवासाचे आणि दोन राखीव असे दहा धरावेत. साताऱ्याच्या माणसाने अडीचशे किलोमीटरसाठी पाच अधिक दीड धरले तरी चालेल. रविवारची संध्याकाळ आणि गणपती-दिवाळीच्या आधीचे दिवस असतील तर राखीव वेळ दुप्पट करावा.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरज-सांगलीहून कराड, सातारा करीत सकाळी मुंबईत उतरवते, आणि दुपारच्या किंवा संध्याकाळच्या विमानासाठी मला ती गाडीपेक्षा बरी वाटते. पहाटेच्या विमानासाठी ती निरुपयोगी आहे, कारण जवळजवळ पूर्ण दिवस मुंबईत घालवावा लागतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबईला उडण्याचा पर्याय सांगलीपासून पन्नासएक किलोमीटरवर आहे, पण त्यासाठी वेगळे तिकीट काढले असेल तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढच्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही आणि सामानही मुंबईत उतरवून पुन्हा द्यावे लागते. पावसाळ्यात हा धोका मी तरी पत्करणार नाही. पुण्याहून दिल्लीला जाऊन तिथून अमेरिकेचे विमान घेणे, तेही एकाच तिकिटावर, हे सातारकरांना बहुधा सर्वांत सोयीचे पडते. आणखी एक खबरदारी: नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आहे, त्यामुळे 'मुंबई' एवढेच वाचून न थांबता विमान नेमके कोणत्या विमानतळावरून सुटते, हे तिकिटावर पाहावे. पनवेलला उतरायचे की सहारला जायचे, यात तास-दीड तासाचा फरक पडू शकतो.

आता नमुन्यातले उड्डाण पुढे चालवू. पहाटे चारच्या विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे रात्री एकला विमानतळावर हजर असले पाहिजे. सामान घेणाऱ्या खिडक्या साधारणतः तासभर आधी बंद होतात. त्यातून दहा तास मागे गेले की सांगलीतून आदल्या दिवशी दुपारी तीनला निघावे लागते. तिकडे दुपारी सव्वाला विमान टेकल्यावर पासपोर्टची रांग, सामान आणि तपासणी यांत पावणेदोन तास, आणि सॅन होजेपर्यंत पन्नासएक किलोमीटरसाठी एक तास धरला, तर घरी चार वाजतात. भारतीय वेळेत ते पहाटेचे साडेचार. दुपारी तीनपासून मोजले तर साडेसदतीस तास होतात. हवेतला वेळ पावणेएकोणीस, आणि घरापासून घरापर्यंतचा वेळ त्याच्या बरोबर दुप्पट. अमेरिकेत आधी दुसऱ्या शहरात, उदाहरणार्थ न्यूयॉर्कला, उतरून पुढचे विमान घ्यायचे असेल तर पासपोर्टची तपासणी त्या पहिल्याच शहरात होते आणि सामान उचलून पुन्हा द्यावे लागते. तिथे दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असलेले तिकीट वयस्कर माणसांसाठी घेऊ नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्यांच्या वेळा या साडेसदतीस तासांवर मांडून कागद डॉक्टरांना दाखवावा, आणि एक मनगटी घड्याळ पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावे.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख हा दुसरा खड्डा. आमच्याच गल्लीतल्या एका घरी तिकिटावर १४ तारीख आणि वेळ ००.५० अशी होती. मंडळी १४ तारखेला जेवणे उरकून, कडबोळ्यांचे डबे बांधून, दुपारी वाजतगाजत निघाली. विमान त्याच दिवशी पहाटे एकच्या आधी निघून गेलेले होते. शून्यापासून तीनपर्यंतची कोणतीही वेळ दिसली की तारखेतून एक दिवस वजा करून ती आदली रात्र दिनदर्शिकेवर लाल पेन्सिलीने खुणावी. त्यानंतर आमच्या गल्लीत हे काम मीच करतो.

परतीचा हिशेब त्याच रीतीने होतो, फक्त तारीख पुढे पळते. समजा, जूनमधल्या सोमवारी सॅन फ्रान्सिस्कोहून दुपारी ३.४५ ला विमान सुटले. भारतात तेव्हा मंगळवारच्या पहाटेचे सव्वाचार झालेले असतात. साडेपंधरा तासांनी दुबई, म्हणजे आपल्या मंगळवारी संध्याकाळी पावणेआठ. पावणेचार तासांचा थांबा, मग तीन तासांचे उड्डाण, आणि मुंबईत बुधवारी पहाटे अडीच. घ्यायला जाणाऱ्या गाडीवाल्याला "बुधवारी पहाटे" एवढेच सांगितले तर तो बुधवारी पहाटे सांगलीतून निघण्याची शक्यता असते. त्याला "मंगळवारी संध्याकाळी पाचला सांगलीतून निघ, रात्री तीनपर्यंत विमानतळावर पोहोच" असे लिहून द्यावे. सामान घेऊन बाहेर यायला चार वाजतात, आणि वाटेत साताऱ्याजवळ चहा-नाश्त्याला थांबूनही बुधवारी दुपारी एकपर्यंत घर गाठता येते.